गुडघ्याची गोळी

मलकापूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बनुबाई आणि फौजेतून रजेवर आलेला त्यांचा मुलगा जयराज बसले होते. हृदय थकून अंगावर सूज आलेले बनुबाईंचे नवरे आकाराम आत वॉर्डात होते.

"सूज उतरली न्हवं रं? मग आता किडनीचं काय काढलंय?"

"रक्तात क्रिएटिनिन वाढलंय आई. परवा दीड हुतं, आज तीन झालंय. किडनी काम कमी करायला लागलीय."

"आन् डाक्टर काय म्हनत्यात?"

"भायरची कुठली गोळी दिली का, म्हणून विचारत हुते. आगं, सारखी उठबस करू नगंस."

"गुडघ्याची गोळी किडनीला बाधती व्हय रं?"

"कुणाच्या गुडघ्याची?"

"माझ्या. त्यांचं गुडघं लय ठणकत हुतं. डबा देताना माझ्यातल्या रोज दोन दिल्या."

"किती दिस?"

"चार दिस. त्यांनी मागितल्या, पर दिल्या मीच."

"तू बस हितंच. मी सांगतो डॉक्टरांना."

"तू मला सांभाळून घेशील आन् अर्धंच सांगशील. ती माझ्या गोळ्यांची पिशवी दे हिकडं."

बनुबाई उठल्या आणि डॉक्टरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आवं डाक्टर, मला काय बोलायचं ते मागनं बोला. आदी ही गोळी बघा."