खुशालीचं प्रतिज्ञापत्र

…नाही, पण मी म्हणतो, लाइटले जाचंच होतं तर काल जाची, परवा जाची, माह्या आधीच्या त्या ताईच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर जाची! बरोब्बर माहा नंबर आला, मी खुर्चीत टेकलो, टायपिंगवाल्या रोशननं विचारलं, 'बोला काका, काय लिहू?' अन् मी तोंड उघडलं, तर फट्! कॉम्प्युटर काळा. वरून रोशन म्हणते, 'काका, लाइट येईन पाच मिनिटात.' कोणाचे पाच मिनिटं बाप्पा? घड्याळातले का सरकारचे? कारण सरकारचे पाच मिनिटं माह्या घरात चार वर्षं दोन महिने चालले. बाकी सगळं खुशाल आहे.

बसा ना, इकडं सावलीत सरका. तुमचा काय ताई, जातीचा दाखला? अन् तुमचा, भाऊ? फेरफार? बरं आहे तुमचं, तुमचा साहेब या तहसीलात निदान दिसते तरी. जेवाले गेला का चहाले गेला, कळते. माहा साहेब अमेरिकेत आहे. हसू नका! मी बबनराव, इथलाच, दिग्रसचा. पोस्टात होतो. एकतीस वर्षं अडाणी लोकायची पत्रं लिहून दिली मीनं, 'इकडे सर्व खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी,' अशी सुरुवात केल्याशिवाय एक पत्र पेटीत टाकलं नाही. अन् त्याच एका ओळीनं माह्या पोराचा घात केला. तुम्हाले सांगतो, ऐकाच तुम्ही. नाही तरी लाइट कुठं आली आहे?

माहा पोरगा अमर. कंपनीनं अमेरिकेत पाठवला. आम्ही पेढे वाटले. काही वर्षानं कंपनी बसली, व्हिसा संपला. आता शहाण्या माणसानं काय कराव? गुपचूप विमान धराव अन् घरी याव. पण याले तिथं मेगन भेटली होती ना! मेगन म्हणजे माही सून, तिकडचीच. तवा सून नोती, तवा नुसती मेगन होती. तर या मेगनपायी हा पोट्टा दीड वर्ष तिथंच राह्यला, बिना व्हिसाचा! अन् मले फोनवर काय सांगे? 'बाबा, इकडे सगळं खुशाल आहे.' पाहा! शिकला कोणापासून?

मंग आमच्या विमलताईच्या पोटात दुखाले लागलं. विमल म्हणजे माही मंडळी, पण सारी गल्ली ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो. पित्ताशयात खडे. यवतमाळले ऑपरेशन. मीनं अमरले सांगितलं, येऊ नको. तिनं सांगितलं, येऊ नको. अन् दोघंही अशा आवाजात बोललो की कोणतंही पोरगं येईनच. आला. मायची सेवा केली, पेज पाजली. मांगून मेगन आली, इथीच लग्न लागलं, तिनं नऊवारी नेसली, ठेचा खाल्ला, दोन दिवस पाणी पेत राह्यली. झालं! आता नवरा-बायको जोडीनं जातीन, असं आम्हाले वाटलं. फॉर्म भरला. तिकडून उत्तर काय? 'तुम्ही बिना व्हिसाचे राह्यले होते, बाहेर गेले, आता दहा वर्षं पाय ठेवाचा नाही.' दहा वर्षं! निघून येताना एका माणसानं अडवलं नाही हो! विमल त्या दिवशी जेवली नाही. म्हणे, 'माह्या खड्यापायी माहं पोरगं अडकलं.'

तिकडच्या वकीलबाईनं रस्ता सांगितला, माफीचा अर्ज. वेव्हर म्हणते त्याले. मले वाटलं, माफी म्हणजे सोपं काम. हात जोडाचे, कान पकडाचे, चुकलो साहेब म्हणाचं. नाही! वकीलबाई म्हणते, 'अमरच्या पस्ताव्याचं काही काम नाही. तो नसला तर त्याच्या बायकोले भयंकर त्रास होते, हे दाखवा.' मीनं विचारलं, 'अन् आमच्या त्रासाचं?' अमरनं इंग्रजीत विचारलं, तिनं इंग्रजीत सांगितलं, पोरगं खाली पाहून म्हणते, 'बाबा, इंडियातल्या आईबापाचा त्रास त्यात मोजत नाही. तिकडच्या नागरिकाचाच मोजते.' विमल चुलीपासून ओरडली, 'म्हणजे आपला सारा त्रास फुकटच गेला म्हणा ना!'

पण थांबा, त्रासापर्यंत जाच्या आधी लग्न खरं आहे हे दाखवाचं होतं. फोटो द्या! दिले. सोनू फोटोग्राफरनं सहाशे फोटो काढलते. दोनशे जेवणाऱ्यायचे, शंभर आहेराचे. नवरा-नवरी जोडीनं किती? चार! बाकी सगळ्यायत नवरा एका कोपऱ्यात, नवरी दुसऱ्या कोपऱ्यात अन् मधात माहे साळे धावजीराव, टोपी घालून, जसं काय त्यायचंच लग्न आहे. तर ते चार फोटो आम्ही अल्बममधून पाठवले. आठ महिन्यांनं चिठ्ठी आली. काय असन? 'हे दोघं बर्फाच्या डोंगरात कधी गेलते? पासपोर्टवर अशा कोण्या देशाचा शिक्का दिसत नाही.'

हाव! सोनूनं मांगं बर्फ टाकलता! मी गेलो त्याच्या दुकानात, म्हटलं, 'काऊन रे बह्याडा, दिग्रसच्या मंगल कार्यालयात बर्फ कुठून आणला?' तर तो शांतपणे म्हणते, 'काका, मांगं कुलर दिसत होता. कुलर काढला, बर्फ टाकला. गारवाच पायजे होता ना?' मंग त्या सोनूले धरून इथीच आणला, याच रोशनच्या टेबलावर, अन् त्याच्याकडून लिहून घेतलं, 'मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की फोटोतला बर्फ खोटा असून लग्न खरं आहे.' आठ महिने कुलरमधी गेले. बाकी सगळं खुशाल.

अन् या साऱ्यात पोरगं घरी. इंग्रजी बोलाचा क्लास काढला त्यानं. पोरं यायची, शिकायची. चार वर्षात त्याचे तीन विद्यार्थी परदेशात गेले, पेढे घेऊन पाया पडाले आले. मास्तर ओसरीत! रोज सकाळी सात वाजता मेगनचा फोन, तिकडं तवा संध्याकाळ. हा अंगणात फिरत बोले. फोन झाला की मोबाईलवर केसचा नंबर टाकाचा. तिथं रोज एकच ओळ, 'आपलं प्रकरण विचाराधीन आहे.' ती वर्षातून तीन आठवड्याच्या सुट्टीवर येई, अन् जाताना नागपूरच्या विमानतळावर हसत जाई. मी विमलले म्हणो, 'पाय, किती समजदार पोरगी आहे! डोळ्यात टिपूस नाही.'

मंग आली माही पाळी. वकीलबाई म्हणते, घरच्यायचं पत्र पायजे, बायकोच्या त्रासाबद्दल. अमर म्हणे, 'बाबा, मी मजकूर सांगतो.' मले राग आला. तू मले पत्र सांगशीन? एकतीस वर्षं कोणी लिहिले? मीनं चष्मा लावला, दोन पानं लिहिले. असं अक्षर! अमरले म्हटलं, मधात नाक खुपसू नको, सरळ भाषांतराले दे. अन् त्यानंही न वाचता दिलं, बापावर भरवसा ठेवून. तोंडपाठ आहे मले. 'सप्रेम नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे. आमची सून चि. सौ. मेगन ही अत्यंत गुणी असून स्वभावाने सोशिक आहे. कितीही त्रास झाला तरी ती तोंडातून शब्द काढणार नाही व सर्व काही निभावून नेईल, याची आम्हाला खात्री आहे.'

आता तुम्ही सांगा, यात काय चुकलं? सुनेची तारीफ आणखी कशी करते माणूस? सून दुःखात आहे असं सासऱ्यानं सहीनिशी लिहून द्याचं? लोकं काय म्हणतीन? सासू छळते म्हणतीन! पण तिकडचा साहेब… सात महिन्यांनं उत्तर. आणखी पुरावा द्या. वकीलबाई फोनवर येवढं बोलली, येवढं बोलली, अमर नुसता 'येस… येस…' करत राह्यला. फोन ठेवला अन् म्हणते, 'बाबा, साहेब म्हणते, सासराच लिहून देऊन राह्यला की ती सगळं निभावून नेईन. मंग अडचण काय आहे?'

ओरडला नाही हो. ओरडला असता तर बरं झालं असतं. चहा ठेवाले गेला. मी ओसरीतच बसून राह्यलो.

मले रुपीबाई आठवली. तांड्यावरची. नवरा ऊसतोडीले जाई, अन् ती माह्यापाशी पत्र लिहाले येई. घंटाभर रडे. पोराले ताप, बैल मेला, सासू बोलते. मी विचारो, 'लिहू हे?' ती पदरानं नाक पुसे अन् म्हणे, 'नको दादा. तो तिकडं काळजी करन. लिहा, सगळं खुशाल.' अन् मी लिहो. म्हणजे मले ठाऊक होतं ना! त्या एका ओळीखाली काय काय दाबलेलं असते, ते माह्यापेक्षा कोणाले जास्त ठाऊक होतं? तरी घरच्या सुनेच्या बाबतीत मी मूर्ख निघालो.

मंग अमरनं मले मेगननं स्वतः लिहिलेलं मराठीत वाचून दाखवलं. मोठं होतं. मले एकच ध्यानात राह्यलं. ती कामावरून येते, घरासमोर गाडी लावते, अन् अर्धा तास गाडीतच बसून राह्यते. कारण आत कोणी नाही. रोज. तीन वर्षं. अन् मी लोकायले सांगत फिरलो, टिपूस नाही म्हणून!

दुसरं पत्र लिहिलं. पाच ओळीचं. ती गाडीत बसते ते लिहिलं. आम्हाले ठाऊक नोतं, आम्ही कधी विचारलं नाही, हे लिहिलं. तिचा नवरा तिच्याजवळ पाठवा, हे लिहिलं. शेवटी 'बाकी' असं लिहिलं, अन् पेन थांबला. जिंदगीत पह्यल्यांदा 'बाकी' खोडलं, भाऊ.

अकरा महिन्यांनं मंजूर! मंग मुलाखत, मंग शिक्का. चैत्रात गेला पोरगा. विमानतळावर विमल हसत होती. मीही हसत होतो. सारे समजदार, टिपूस नाही कोणाच्या डोळ्यात!

आता एक गोष्ट सांगतो, कोणाले सांगू नका. त्या चार वर्षात मी रोज देवाले म्हणो, सुटू दे माह्या लेकराची केस. अन् सकाळी अंगणात त्याची चप्पल दिसली की मनात बरं वाटे. बरं वाटे हो! तिकडं ती पोरगी गाडीत बसलेली, इकडं आम्ही तिघं शेंगा फोडून राह्यलो. पह्यल्या पत्रात मी 'सर्व खुशाल' लिहिलं ना, ते माह्या हातानं लिहिलेलं सगळ्यात खरं पत्र होतं. म्हणूनच तिकडं चाललं नसन.

आता मी बाजारातून येतो, फाटकासमोर स्कूटर लावतो, अन् स्कूटरवरच बसून राह्यतो. विमल आतून म्हणते, 'आत याचं नाही काय?' येतो म्हणतो. बसतो आणखी.

तर आजचं काम ऐका. मेगनले दिवस गेले आहेत. दिवाळीनंतर बाळंतपण. तिनं स्वतः फोन केला, मराठीत, 'बाबा, आई, तुमी या.' विमलनं त्याच दिवशी डिंक निवडाले घेतला. मी गेलो बसस्टँडसमोरच्या गोविंदाकडं, तो ऑनलाइन फॉर्म भरते. गोविंदा म्हणते, 'काका, पाहुण्याचा व्हिसा आहे. साहेबाले एकच भेव असते, हे बुढा-बुढी तिथंच राहून गेले तर? म्हणून असं दिसलं पायजे की तुम्ही इकडं मजेत आहात. पोराची आठवण-बिठवण काहाडू नका. एकटं वाटते म्हटलं की गेला व्हिसा! घर आहे, वावर आहे, मन रमते, असं प्रतिज्ञापत्र आणा.' वा रे न्याय! खरं होतं तवा साध्या कागदावर चाललं नाही, अन् आता खोटं झालं तर स्टॅम्प पेपरवर पायजे!

आली! आली लाइट! पाहा, पंखा फिरला… आलो रे रोशन, आलो, गुडघा सरळ होऊ दे. हं, घे. 'मी बबनराव, वय अडुसष्ट, राहणार दिग्रस, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की… इकडे…'

काही नाही रे, चष्मा पुसून राह्यलो. धूळ बसली काचेवर. लिही तू. 'इकडे सगळं खुशाल आहे.' पूर्णविराम. काढ प्रिंट.

काय? दोन साक्षीदार पायजे? मंग त्यात काय! भाऊ, ताई, या ना जरा इकडं. तुम्ही दोघायनं तर सगळं ऐकलंच आहे. करा सही.