घशाचा फोटो

(ओमानमधलं सोहार. संध्याकाळ. औद्योगिक वसाहतीजवळच्या क्लिनिकमधून आई नुकतीच घरी आली आहे.)

अश्लेषा : नाही, आधी उत्तर दे. तुला खरंच औषधाची चिठ्ठी लिहायचा अधिकार आहे, की कोटावर नुसतंच ‘नर्स प्रॅक्टिशनर’ लिहिलंय?

आई : कोण विचारतंय?

अश्लेषा : अख्खी दहावी ब! म्हणजे अंबरीन आणि अफशा. हिंमत असेल तर विचार म्हणाल्या. विचारलं!

आई : आहे अधिकार. ठरलेल्या दुखण्यांना, ठरलेली औषधं, समोर बसलेल्या माणसाला. त्यापुढचं डॉक्टरांकडे.

अश्लेषा : मग अंबरीनच्या घशाला लिही. गुरुवारी वादविवादाची फायनल आहे आणि आमची मुख्य वक्ता बेडकासारखी बोलतेय. पेशंट आणलाय मी. हा बघ.

आई : हे काय?

अश्लेषा : घसा! शाळेच्या बाथरूममध्ये अफशाने टॉर्च धरला, मी फोटो काढला. तीन अँगल आहेत.

आई : छान आलाय. ताप किती याला?

अश्लेषा : फोटोला?

बाबा : लिवन दी गो, शीला. अंबरीनची आवस, खुदेजावैनी, काय परक्यो? दर ईदेक बिर्याणी येता घरात.

आई : म्हणून तर नको.

बाबा : बघ, आशू. माका पण हिच्याच क्लिनिकात दोन तास टोकन धरून बसयल्यान. बायको चिठ्ठी लिवता, आणि घोव लायनीत!

आई : तुमच्या गुडघ्याचं मी लिहिलं असतं तर ‘जरा स्ट्राँग दे’ म्हणाला असतात, आणि मी दिलं असतं. घरच्या माणसाला मी तपासत नाही हो, त्याचं ऐकते.

अश्लेषा : पण अंबरीनचं मला सगळं माहीत आहे. विचार!

आई : कधीपासून दुखतंय?

अश्लेषा : शनिवार. रविवारी ताप. पुढचा प्रश्न!

आई : कुठल्या औषधाची अॅलर्जी?

अश्लेषा : ते… नाही विचारलं.

आई : आधी काही घेतलंय?

अश्लेषा : तिसरा अँगल बघ ना.

आई : आशू?

अश्लेषा : चार कॅप्सूल. आपल्या औषधांच्या डब्यातल्या, बाबा कुडाळहून भरून आणतात त्या. मला गेल्या वर्षी घशाला दिल्या होत्या ना, त्यातल्या उरलेल्या. मला दोन दिवसांत बरं वाटलं होतं!

आई : तू दिल्यास?

अश्लेषा : काल. जेवणानंतर घे, असंपण सांगितलं. सगळ्या मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या.

आई : आज कशी होती?

अश्लेषा : हात खाजवत होती. अफशा म्हणाली, डास.

आई : फोन लाव. स्पीकरवर. तोंड सुजलंय का, श्वासाला त्रास होतोय का, आधी एवढंच विचार.

अश्लेषा : अंबरीन? तुझं तोंड सुजलंय? श्वास नीट येतोय?

अंबरीन : हो गं, नीट आहे. फक्त खाज. पोटावर पण लाल लाल झालंय. अम्मीला वाटतंय, कोळंबीने झालं. तू कॅप्सूलचं बोलू नको हां यार. ती मला सोडणार नाही.

आई : अंबरीन, मी शीला आंटी. पुढची कॅप्सूल घ्यायची नाही. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर आमची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

अंबरीन : ओके आंटी. आशू, प्लीज!

बाबा : ठेवल्यान फोन. चला, कोळंबीवर भागला.

आई : कसलं भागलं? डॉक्टर विचारतील काय खाल्लं, आणि कोळंबीची अॅलर्जी लिहून घेतील. पुढच्या वर्षी हीच कॅप्सूल तिला कुणीतरी देईल. कदाचित मीच.

अश्लेषा : मी सांगितलं तर ती माझ्याशी बोलणार नाही.

आई : नाही बोलणार, थोडे दिवस.

अश्लेषा : आणि फायनल?

आई : ते मला नाही सांगता येणार.

अश्लेषा : ठीक. खलास, ठरलं. बाबा, गाडीची चावी घ्या. मी ते कॅप्सूलचं पाकीट घेते. आई, तू तिथे एक शब्द बोलायचा नाहीस. खुदेजा आंटींना मी सांगणार, मी दिल्या म्हणून. मग अंबरीनला घेऊन क्लिनिकला.

बाबा : आत्ता? थंय दोन तास बसूचा लागतला.

अश्लेषा : माहीत आहे. टोकन मी धरून बसणार आहे.