ज्याचं माप त्यानं तपासायचं नाही

आदरणीय अध्यक्षा, म्हणजे आमच्या मालकीणबाई. प्रमुख पाहुण्या प्रशिक्षक मॅडम. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेले मोठे मिस्त्री. पहिल्या रांगेतली माझी आई. आणि सुतारखात्यातल्या, पॉलिशखात्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं आयुष्य बदललं ते एका दुपारी, पॉलिशखात्यातली एक मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली तेव्हा, "तू योद्धा नाहीस रे."

तिसऱ्या रांगेतली ती रिकामी खुर्ची तिचीच. ती या दारापलीकडे उभी आहे. का, ते सांगतो. मला घाई नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून मिस्त्रींना ठसका लागला, बघा.

आपल्या कारखान्यात दारं बनतात आणि मी ती आपटतो, हे तर जगजाहीर आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सरांशी वाजलं, वर्गाचं दार आपटून निघालो तो थेट तुमच्याकडे. इथं माझं नाव पडलं तोफखाना. आई म्हणाली, चला, आता आपटायला घरची दारं लागणार नाहीत.

मागच्या वर्षी मॅडम आल्या. म्हणाल्या, स्वभावाचे काही मूळ साचे असतात. योद्धा, प्रेमी, विदूषक, राजा, सांभाळणारा. प्रश्नांची उत्तरं लिहा, तुमचा साचा कळेल. आता आपली रीत काय? चौकटीचं माप एकानं घ्यायचं, दुसऱ्यानं तपासायचं. घेणाऱ्यानंच तपासलं तर दार अडकलंच म्हणून समजा. तेव्हा आम्ही इमानेइतबारे आपला कागद भरला, आणि शेजारच्याचाही भरला. मॅडम, तो दुप्पट गठ्ठा बघून तुम्ही कपाळाला हात लावलात, आठवतं?

माझ्या कागदावर मी निघालो योद्धा. छाती फुगली. माझ्याबद्दलचा दुसरा कागद तिनं भरला होता, त्या दिवशी शेजारी तीच बसली होती. मी मनात म्हटलं, आता 'प्रेमी' निघणार. काम नसताना पॉलिशखात्यातून चकरा मारून माझ्या चपला झिजल्या होत्या. मॅडमनी वाचलं, "सांभाळणारा."

मी तणतणत पॉलिशखात्यात तिच्याकडे गेलो. "मी काय तुझा आजोबा आहे?"

"आजोबा बरे असतात. दारं आपटत नाहीत."

"मग सांभाळणारा कुठून आला?"

तिचा हात फळीवर फिरतच होता. "तू योद्धा नाहीस रे. योद्धा स्वतःची पटाशी परजतो. तू चिडलास की दार आपटून जातोस, आणि मागे बसून सगळ्यांच्या पटाश्यांना धार लावतोस. कुणाला सांगतही नाहीस. मी बघितलं ते लिहिलं."

"आणि प्रेमी?"

"तसा प्रश्न नव्हता कागदात."

मित्रहो, आपण आरशात बघतो तेव्हा नक्की कुणाला बघतो? मी तर माझ्या रागालाच बघत होतो आणि त्यालाच नमस्कार घालत होतो. त्या दुपारनंतर डोकं तापलं की मी दाराकडे न जाता सरळ धारेच्या दगडाकडे जाऊ लागलो. मॅडमना विचारलं, आता मी कायमचा सांभाळणाराच का? त्या म्हणाल्या, "साचा म्हणजे चौकट. चौकट जागची हलत नाही, पण दार उघडतं आणि मिटतं." सुतारांपुढे असं बोलायला हिंमत लागते, मॅडम.

आणि आज? आज मालकीणबाई याच तोफखान्याला नव्या कारखान्याचा मिस्त्री करून पाठवताहेत. आई, डोळे पूस, फोटो काढताहेत.

राहिली ती खुर्ची. काल मी तिला सरळ विचारलं, येतेस का बरोबर, आयुष्यभरासाठी? ती म्हणाली, "तोंडी उत्तर देत नाही. जाणाऱ्यानं निरोपाच्या दिवशी एक दार बसवून जायचं असतं ना? त्यातूनच बाहेर ये आणि ते लाव. मी पलीकडे उभी राहीन. आपटलं तर मी घरी जाईन."

"आणि नाही आपटलं तर?"

"तर बरोबर जाऊ."

मालकीणबाई, मिस्त्री, मॅडम, तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात, म्हणून सगळ्यांच्या पटाश्यांना धार लावून ठेवली आहे. बोलण्यात कुठे फट राहिली असेल तर तुम्ही सुतार आहात, भुसा नि सरस घालून बुजवून घ्या आणि मला माफ करा.

आता टाळ्या नकोत. कान द्या. बिजागऱ्या मी सकाळी बसवल्यात, माप मिस्त्रींनी तपासलंय. हा मी निघालो, हे दार ओढून घेतो.

काही ऐकू आलं नाही, तर समजा, लागलं.