चारशे दहाचा आकडा

मंडळी, मशीन महागाचं चांगलं की स्वस्ताचं? आणि खोटं बोलणाऱ्याशी ज्याचं आठ वर्षं छान जमलं, त्याच्या हाती एकदम खरं बोलणारं काही दिलं, तर त्याचं भलं होईल की वाटोळं?

लगेच भलं म्हणू नका. आधी मिरजेला चला. डोळे मिटून आलात तरी चालेल — शेवटच्या रांगेतले अण्णा तर पोचलेसुद्धा.

तंतुवाद्यांच्या दुकानांमागं एक बोळ. दुपारी तिथं चारी बाजूंनी तारा जुळवतात. सूर लागतो, सुटतो, पुन्हा लागतो... जणू बोळच झोपेत काहीतरी आठवतोय. तिथं अनंता कासार मोबाईल दुरुस्त करायचा. त्याच्याकडं हॉट एअर मशीन. म्हणजे काय? एक नळी, तिच्यातून तापलेली हवा. चिपेवर सोडली की खालचा डाख, म्हणजे तिला धरून ठेवणारा धातू, वितळतो, पाण्यातल्या चांदण्यासारखा चमकतो, आणि चिप अलगद उचलता येते.

मशीन स्वस्तातलं, नळीला चिकटपट्टी. पण अनंता शहाणा! रोज सकाळी एका मेलेल्या बोर्डावर हवा सोडायचा, डाख चमकेपर्यंत तापमानाचा आकडा वाढवायचा. चारशे दहावर चमकायचा. रोज चारशे दहा. शेवटी त्यानं तो आकडा भिंतीवरच लिहिला, देवाच्या तसबिरीखाली.

मग आलं महागडं मशीन. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि आकडा लावला — कुठला? बोला की. चारशे दहा! आणि सकाळची तपासणी? एवढ्या भारी मशीनची परीक्षा घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं तो बायकोला म्हणाला.

त्याच सकाळी वेणूताई जंगम आल्या. पखवाज वाजवणाऱ्या. फोन पाण्यात पडून बंद. त्यात त्यांच्या गुरूंनी, बापूंनी, तोंडानं म्हटलेले बोल. बापूंना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. आता ते समोर बसतात, एका हातानं ताल धरतात. बोल मात्र त्या फोनमध्येच. ताईंचे निम्मेच पाठ झालेले.

नवं मशीन आहे ताई, खात्रीनं चालू करून देतो, संध्याकाळी या, असं म्हणून अनंतानं हवा सोडली. एक श्वास. दोन श्वास. बोर्ड पोळीसारखा टम्म फुगला.

इथं गोष्टीला दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेनं अनंता म्हणतो, पाणी फार आत गेलं होतं हो. ताई मान हलवतात, जातात. कुणाला काही कळत नाही. घरी बापू ताल धरतात, ताई मध्येच अडतात, बापू वाट बघत राहतात... ही वाट अनंता बसल्या जागी, मनातल्या मनात, पूर्ण चालून आला. आपण नाही का जात, रोज?

मग उठला. शेजारच्याकडून तापमान मोजायची तार आणली, दोन्ही मशीनं चारशे दहावर लावली. जुन्याची हवा भरली साडेतीनशे. नव्याची चारशे दहा. जुनं आठ वर्षं साठ आकडे फुगवून सांगत होतं, आणि हात त्याला सरावला होता!

संध्याकाळी ताई आल्या.

"ताई, पाण्यानं नाही गेला. माझ्या हातून जळला."

ताईंनी तो फुगलेला बोर्ड हातात घेतला. मग, "बोल गेले?"

"बोल ज्या चिपांत आहेत त्या दुसऱ्या टोकाला आहेत, तिथं आच पोचली नाही. दुसऱ्या बोर्डावर बसवून बघतो. पण खात्री देत नाही."

"सकाळी तर दिली होतीस."

"सकाळी मशीनची दिली होती."

ताई उठल्या नाहीत. "कर. मी बसते इथंच."

नवं मशीन. साडेतीनशे. आधी मेलेल्या बोर्डावर, मग इथं. जुन्याची हवा दम लागल्यासारखी कमीजास्त व्हायची. ही झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखी एकसारखी. त्या नाजूक कामाला जुनं पुरलंच नसतं. चिपा उठल्या, नव्या जागी बसल्या. पडदा उजळला. आणि बापूंचा आवाज — धा... ताईंचा हात आपोआप मांडीवर पडला.

तर महागाचंच चांगलं, मंडळी. खरं बोलतं ना! पण आपला हात त्या खऱ्याला लावून घेतला, तरच.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल — एखादी सून, एखादा भाऊ — जसं आहे तसं सांगणारा. त्याच्याशी जुन्याच सवयीनं वागलात, काहीतरी जळलं, आणि गावभर सांगितलंत की पाणी गेलं होतं. आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा. म्हणा, माझ्या हातून जळलं.

दुरुस्तीचं त्यानंतर बघू.