दयाळूच्या उलट

डॉक्टर: तर महिने झाले, नद्या झाल्या, आकडे उलटे म्हणून झाले. आता शब्द. दमलीस का, एनिड?

एनिड: नाही, डॉक्टर.

डॉक्टर: मिसेस विथर्स, तुम्ही फक्त मधे बोलू नका. सख्खी बहीण म्हणून तुम्हाला बसू दिलंय.

मॉड: छे, मी कशाला बोलतेय! लहानपणापासून तिच्या वतीनं मीच बोलत आले ना डॉक्टर, म्हणून तोंडातून निघून जातं. बसते गप्प.

डॉक्टर: शब्द आहे ‘दयावंत’. म्हणजे काय?

एनिड: दयाळू.

डॉक्टर: त्याच अर्थाचे आणखी शब्द?

एनिड: मायाळू. कनवाळू. भला. कृपाळूपण आहे, पण तो शब्द प्रार्थनेतच ऐकू येतो. माणसाला कोणी कृपाळू म्हणत नाही.

डॉक्टर: हे कुठे शिकलीस?

एनिड: नर्स लिडगेटनी एक जुना शब्दकोश दिला होता. त्याला ‘म’च्या पुढची पानं नाहीत. लॉन्ड्रीत इस्त्री तापेपर्यंत वाचते.

मॉड: म्हणजे पाठ केलंय तिनं, डॉक्टर.

डॉक्टर: मिसेस विथर्स.

मॉड: चुकलं. बोला तुम्ही.

डॉक्टर: दयाळू आणि मायाळू, एकच की वेगळं?

एनिड: कोशात एकच अर्थ दिलाय. पण मला तसं वाटत नाही. दयाळू माणूस उभा राहून बोलतो आणि समोरचा बसलेला असतो. नाहीतर अंथरुणात. मायाळू माणूस येऊन शेजारी बसतो.

डॉक्टर: हं. आणि कनवाळू?

एनिड: दुसऱ्याचं बघून ज्याच्या पोटात तुटतं तो. त्याच्या हातून काही होतंच असं नाही. आमच्या वॉर्डात एक बाई होती, कोणाला मारलं की तीच रडायची. तिच्यामुळे कोणाचा मार चुकला नाही.

डॉक्टर: कोण मारतं?

एनिड: तो प्रश्न कागदावर आहे का, डॉक्टर?

डॉक्टर: नाही. कागदावर आहे तो असा: दयाळूच्या उलट शब्द सांग.

एनिड: आधी मला वाटायचं, क्रूर. पण क्रूर माणसाला तुमच्याकडे बघावं तरी लागतं. तुम्हाला कुठं दुखेल ते त्याला शोधावं लागतं. दयाळूच्या अगदी उलट म्हणजे ज्याला बघायचंच नाही तो. बेपर्वा.

डॉक्टर: कागदावर उत्तर ‘क्रूर’ असं छापलंय.

एनिड: मग क्रूर लिहा. मला दोन्ही चालतात.

डॉक्टर: दोन्ही लिहितो. एनिड, अकरा वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हाचा कागद माझ्यासमोर आहे. ‘वय सोळा. घरकाम करणारी मुलगी. लग्नाशिवाय मूल. दुबळ्या बुद्धीची.’ त्या डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले होते. तुला एकाचंही उत्तर आलं नव्हतं. वार कोणता, तेसुद्धा नाही.

एनिड: बाळंतपणाला दोन दिवस झाले होते. दूध भरून आलं होतं आणि मूल पलीकडच्या खोलीत रडत होतं. ते वार विचारत होते, मी रडणं ऐकत होते.

डॉक्टर: हे तेव्हा सांगितलं का नाहीस?

एनिड: माझ्या वतीनं मॉड बोलत होती.

मॉड: बघा! म्हणजे आता माझ्यावर! मी चोवीस वर्षांची होते डॉक्टर, मला काय कळत होतं? साहेब लोक म्हणाले सही करा, तिची सोय होईल, मी सही केली. मूलही मीच नेलं. माझ्या नवऱ्यानं, सिरिलनं एका शब्दानं विचारलं नाही, दुकानातून थेट येऊन पाळणा बांधला. अनाथाश्रमात गेली असती ती पोर.

डॉक्टर: तुम्हाला कोणी दोष देत नाहीये. उलट आनंदाचीच बातमी आहे. मी या हॉस्पिटलात नवीन आहे, इथे बारा-पंधरा जणी तरी अशा आहेत की त्या इथे का आहेत हेच मला कळत नाही. एनिडची आणखी दोन उत्तरं नोंदवायची राहिलीत, नुसती औपचारिकता. मग मी तिला परवान्यावर बाहेर सोडायची शिफारस करणार आहे.

एनिड: बाहेर म्हणजे फाटकाबाहेर?

डॉक्टर: फाटकाबाहेर. बहिणीकडे राहता येईल, किंवा एखाद्या चांगल्या घरी कामाला. वर्षभर आम्ही लक्ष ठेवू. नीट वागलीस की मोकळी.

मॉड: किती छान! बाई गं, मला रडूच येतंय. डॉक्टर, पाच मिनिटं आम्हा बहिणींना बोलू द्याल का? एवढी मोठी गोष्ट, घरातलं घरात ठरवलेलं बरं.

डॉक्टर: अवश्य. मलाही अधीक्षकांची सही आणायचीय.

(डॉक्टर बाहेर जातात. मॉड उठून दार नीट लागलंय ना ते बघते.)

मॉड: कधीपासून चाललंय हे?

एनिड: काय?

मॉड: हे शब्द. मायाळू नि कनवाळू. कोणासाठी चाललंय?

एनिड: माझ्यासाठीच. मॉड, मी तुझ्याकडे येणार नाही. घाबरू नकोस. कुठंतरी कामाला राहीन. इस्त्री मला इतकी छान येते की मेट्रनबाई आपल्या कॉलरी दुसऱ्या कोणाला देत नाहीत.

मॉड: मग?

एनिड: मग काही नाही. रविवारी सुट्टी असेल तेव्हा बस पकडून तुमच्या गावात येईन. तुमच्या गल्लीतसुद्धा येणार नाही. शाळा सुटते तिथं पलीकडच्या बाजूला उभी राहीन.

मॉड: रविवारी शाळा नसते.

एनिड: तर चॅपलच्या बाहेर. लांबून बघेन. बोलणार नाही.

मॉड: तुझं नाक तिला आलंय.

एनिड: खरंच?

मॉड: खूश काय होतेस! अगदी तेच, टोकाशी चेपलेलं. आणि चालतेसुद्धा तशीच, एक खांदा पुढं टाकून. तू पलीकडे उभी राहिलीस तर तिला नाही कळणार, पण शेजारच्या मिसेस पॉटरला कळेल, धर्मगुरूंच्या बायकोला कळेल. आठ दिवसांत गावाला कळेल. तिला तुझ्याविषयी काय सांगितलंय माहितीये?

एनिड: पत्रात तू लिहायचीस, बेरिल ठीक आहे. एवढंच.

मॉड: तिला सांगितलंय की तिला एक मावशी होती, एनिड नावाची, क्षयानं गेली.

एनिड: मी गेले?

मॉड: तिनं विचारलं एकदा, जुन्या पत्रावर तुझं नाव बघून. काहीतरी सांगावं लागलं.

एनिड: किती वर्षांची होते मी?

मॉड: काय?

एनिड: मेले तेव्हा.

मॉड: अठरा. असलं काय विचारतेस? तुला नाही वाटत की तेच बरं झालं? प्रार्थनेत रोज तुझं नाव घेते ती. जिवंत असतीस तर घेतलं असतं का कुणी?

एनिड: ती कशी आहे, मॉड? मला नीट सांग. ठीक आहे म्हणू नकोस.

मॉड: हुशार आहे. ग्रामर स्कूलची, हुशार मुलांच्या त्या मोठ्या शाळेची शिष्यवृत्ती मिळालीये तिला. आमच्या रस्त्यावरची पहिली मुलगी. सिरिलनं दुकानाच्या काचेत बातमीचं कात्रण लावलंय. गणवेश शिवून झालाय, सप्टेंबरात जाईल. परीक्षेत तिलाही असेच शब्द आले होते, याच्या उलट काय नि त्याच्या उलट काय. सगळे बरोबर.

एनिड: सगळे?

मॉड: सगळे. आता ऐक. शाळेनं एक फॉर्म पाठवला होता. घराण्यात कोणाला वेड, फेफरं, बुद्धीचा दोष? मी लिहिलं, नाही. खाली सही केली. तू बाहेर आलीस की ते खोटं ठरेल.

एनिड: पण मी बाहेर आले म्हणजे बुद्धीचा दोष नव्हताच, असं ठरेल ना? डॉक्टर तेच म्हणतायत.

मॉड: बाई गं! डॉक्टर एक कागद लिहितील. तो कोणी वाचणार नाही. लोक एवढंच म्हणतील, विथर्सबाईंची बहीण वेड्यांच्या इस्पितळातून आली. आणि मग बेरिलकडे बघतील. आणि नाकाकडे. अकरा वर्षं मी त्या पोरीला स्वच्छ ठेवलंय, एनिड. तुला ‘स्वच्छ’चा अर्थ येतो का? का तुझ्या कोशात ती पानं नाहीत?

एनिड: मी लांबच राहीन म्हटलं ना. स्कॉटलंडला जाईन हवं तर.

मॉड: आज म्हणशील. दोन वर्षांनी नाही राहवणार. मला माहितीये, मलाच तिच्यापासून चार दिवस लांब राहवत नाही. तू उठून येशील एके दिवशी आणि दारात उभी राहून रडशील.

एनिड: आणि आले तर?

मॉड: तर तिला मीच सांगेन. तू सांगायच्या आधी. तुला इथं ठेवलं त्या सर्टिफिकेटची प्रत आहे माझ्याकडे. ‘दुबळ्या बुद्धीची’ आणि खाली ‘मुलाचा बाप अज्ञात’. जेवण झालं की टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, बेरिल, वाच, ही तुझी आई. तिला शब्दांचे अर्थ फार छान कळतात. समजावून सांगावं लागणार नाही.

एनिड: तू असं करशील?

मॉड: मला करायचं नाहीये. मला करायला लावू नकोस.

एनिड: तू तिच्यावर माया करतेस, मॉड?

मॉड: जीव टाकते. म्हणून तर आलेय. सिरिलला वाटतंय मी लोकर आणायला गेलेय.

एनिड: मग तिला इतकं लागेल असं कसं करशील?

मॉड: ते तू ठरवायचंय. माझ्या हातात काही नाही. डॉक्टर येतील. दोन प्रश्न राहिलेत.

एनिड: ...मला एक फोटो देशील?

मॉड: कुठं ठेवशील? कोणी विचारलं तर कोण म्हणून सांगशील? नाही.

एनिड: मग आणखी काहीतरी सांग तिचं. लवकर.

मॉड: काय सांगू? जेवताना पुस्तक उघडून बसते. पाव कुरतडते. उकडलेल्या अंड्यातलं पांढरं टाकते.

एनिड: मीपण टाकायचे.

मॉड: आठवतंय. मी तिला ते खायला लावते.

डॉक्टर: आत येऊ का? झालं बोलून? अधीक्षक जागेवर होते, सही मिळाली. एनिड, तुझा चेहरा असा का?

मॉड: आनंदानं, डॉक्टर. एकदम जास्त झालं तिला.

डॉक्टर: बस, बस. आता पटकन संपवू. ‘शूर’, याच्या उलट?

एनिड: काय म्हणालात, डॉक्टर?

डॉक्टर: शूर, एनिड. सोपाय.

एनिड: घोडा.

डॉक्टर: काय?

एनिड: घोडा, डॉक्टर.

डॉक्टर: थट्टा करतेस का? बरं, हा ठेवू बाजूला. ‘आनंदी’, त्याच अर्थाचा दुसरा शब्द?

एनिड: रविवार.

मॉड: सांगू नये, पण लहानपणीही अशीच होती. पाठ केलेलं असतं तोवर घडाघडा, आणि ते संपलं की हे असं. मला वाटलं होतं सुधारली.

डॉक्टर: आज वार कोणता, एनिड?

एनिड: ठाऊक नाही.

डॉक्टर: मघाशी पहिल्याच प्रश्नाला तू मला तारीखसुद्धा सांगितलीस.

एनिड: आता ठाऊक नाही.

मॉड: डॉक्टर, तिला त्रास देऊ नका हो. माझ्यानं बघवत नाही. चारची बस चुकली तर मला सातपर्यंत बस नाही. एनिड, जप हं स्वतःला. इथं तुझी काळजी घेणारी माणसं आहेत. मी लिहीन.

डॉक्टर: मिसेस विथर्स, एक मिनिट. तुम्ही तिला काय सांगितलंत?

मॉड: घरचं. मुलीची शिष्यवृत्ती आणि काय काय. येते, डॉक्टर. तुमचे फार उपकार आहेत.

डॉक्टर: दार तसंच राहू दे, मी लावतो. ...हं. गेली. एनिड, इकडे बघ माझ्याकडे. तू मुद्दाम चुकलीस.

एनिड: मला येत नव्हतं.

डॉक्टर: मुद्दाम चुकायला बुद्धी लागते. मी असं लिहू शकतो.

एनिड: लिहू नका.

डॉक्टर: लिहिलं तर सुटका ठरवणारी समिती विचारेल, का चुकली? मला उत्तर द्यावं लागेल. म्हणजे तुला मला सांगावं लागेल. सांगशील?

एनिड: नाही.

डॉक्टर: कशाची भीती घातली तिनं?

एनिड: ती माझी बहीण आहे. ती मायाळू आहे. तुम्ही कागदावर मायाळू लिहून ठेवा.

डॉक्टर: मी हट्ट धरू शकतो. तू नाही म्हणालीस तरी.

एनिड: धरता का?

डॉक्टर: ...मला इथं येऊन चारच महिने झालेत, एनिड. सही मिळाली असली तरी या उत्तरांवर तुला सोडायचा हट्ट धरला, तर अधीक्षक म्हणतील, हा माणूस रुग्णाच्या नादी लागला. मग बाकीच्या जणींची शिफारस कोणी ऐकणार नाही.

एनिड: मग त्यांची करा.

डॉक्टर: तुझं वाईट वाटतंय मला.

एनिड: ठीक आहे, डॉक्टर.

डॉक्टर: ‘घोडा’ लिहितो मग. आणि ‘रविवार’. पुढची तपासणी पाच वर्षांनी. तेव्हा मी असेन नसेन. खाली रुग्णाची सही लागते, हे घे पेन. थांब. तुझं अक्षर कसं आहे?

एनिड: चांगलं आहे.

डॉक्टर: दाखव इथं, या रद्दी कागदावर. ...फारच चांगलं आहे. या निकालाखाली अशी सही दिसली तर कोणीतरी विचारेल. नुसती फुली कर.

एनिड: या रेघेवर करू, की खाली?