बांधावरची भट्टी

(उल्हासनगर, १९४९. लष्कराने सोडलेल्या बराकीमागे, सिंधहून आलेला बिस्किटवाला लोकूमल कुदळ उगारून उभा. समोर जळणाची मोळी टाकून पाड्यावरची नवसी.)

नवसी : थांब शेठ! तिथं कुदळ नको मारू.

लोकूमल : क्यों, बाई? कालच तर बोललो, भट्टी लावतो, रोज दोन मोळ्या आण.

नवसी : मोळ्या आनते. पन भट्टी तिकडं लाव, नळाकडं.

लोकूमल : कॅम्पच्या साहेबाने चुना टाकून हीच जागा दिली. हलवली तर परवाना खतम. एक तारखेपासून सरकारी रेशनपण बंद. शिकारपूरला माझ्या भट्टीवर सात माणसं होती, बाई. इथे मी ताट घेऊन लाईनीत उभा राहतो. आता नाही राहणार.

नवसी : जागा सायबाची नाय. हा बांध आमचा. लढाईत लष्कर आलं, आठ दिसांत उठा म्हनालं. घरं पाडली. लढाई सरली का परत देऊ म्हनालं.

लोकूमल : आणि दिली आम्हाला.

नवसी : हां.

लोकूमल : मी मागितली नव्हती. मला तर आठ दिवसपण नाही मिळाले.

नवसी : शेताचं नाय रडत मी. तुज्या कुदळीखाली माजी चंद्री हाय.

लोकूमल : कोण?

नवसी : लेक. दोन वर्साची. घर पाडलं न् आमी आंब्याखाली बसलेलो, पौषात. तिथंच गेली. बांधाला पुरली न् उठलो. खुनेचा धोंडा व्हता, तोबी कुनी उचलला. मोळी टाकून मी रोज इथं टेकते, तुज्या बायकोला वाटतं बाई दमली.

लोकूमल : ...ही बघ, कुदळ ठेवली.

नवसी : तुला पोरं किती?

लोकूमल : एक होती. मोहिनी. कराचीहून येताना बोटीत गेली.

नवसी : कुठं पुरलीस?

लोकूमल : बोटीवर माती कुठली? चादरीत गुंडाळून पाण्यात सोडली. खाली जावी म्हणून पायाला लोखंड बांधतात. गाठ मीच मारली.

नवसी : देवा...

लोकूमल : जाऊ दे. भट्टी आत लावतो, बराकीत.

नवसी : आत? गोनपाटाच्या पडद्यामागं अकरा मानसं निजतात. बायको खोकते तुजी. मारशील सगळ्यांना.

लोकूमल : मग करू काय, बाई?

नवसी : खनू नको. वर बांध, कंबरेएवढी. पडक्या टाकीच्या विटा हायत, मी वाहते.

लोकूमल : आणि जाळ? तुझ्या मुलीच्या डोक्यावर रोजचा जाळ?

नवसी : गारठ्यानं गेली ती, शेठ. अंगावर घालाया फडकं नव्हतं. लाव तू. उबेला राहील.