इलेक्ट्रिक रिक्षाची वाढवलेली पायरी
दानेश्वरी सिद्धलिंगप्पा हत्तुरे, वय २८, धंदा नोकरी, रा. जुळे सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी इलेक्ट्रिक रिक्षा बनवणाऱ्या कारखान्यात डिझायनर आहे. नव्या रिक्षाचे पहिले चित्र व त्यावरून फायबरचा नमुना मीच केला. नवी पेठेत कडक भाकरी विकणाऱ्या मैंदर्गीच्या रत्नम्मा यांचे गुडघे दुखतात. मापासाठी मी त्यांनाच बसवले होते. टोपली घेऊन त्यांना सहज चढता येईल इतकी खाली पायरी ठेवली.

गाडी बाजारात आणताना बदल होतातच. वळणदार काचेच्या जागी सपाट काच आली, दिवे तयार घेतले. सपाट काच फुटली तर स्वस्तात मिळते, हे मलाही कळते. मात्र तयार सांगाडा घेऊन बॅटरी पायाखाली बसवली, त्यामुळे पायरी पार गुडघ्यापर्यंत आली. हे मला मान्य नव्हते व नाही. मालक अभिमन्यू जानराव यांना तसे तोंडावर सांगितले. ते म्हणाले, बायका सवय करून घेतील.

काल सकाळी कारखान्याच्या आवारात उद्घाटन होते. तयार गाड्या मागच्या शेडमध्ये ठेवून पुढे माझा नमुना उभा केला. त्यात मोटर नाही. तरी त्यालाच हार घातला, नारळ फोडला व लोकांकडून बुकिंग घेऊ लागले. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असा हा प्रकार होता. सवाष्ण म्हणून पहिले बसायचा मान रत्नम्मांना दिला. त्या टोपलीसकट चढल्या, फोटो निघाले. मला संताप आला.

मी शेडमधून तयार रिक्षा चालवत आणून नमुन्याशेजारी लावली व रत्नम्मांना तीत बसायला सांगितले. त्यांनी दोनदा पाय उचलला, खाली ठेवला व त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "माज्यानं न्हाय व्हत. दांडी धरू का टोपली धरू? फोटोतली गाडी निराळी आन् दारात येनारी निराळी, व्हय?" त्यावर लोक बुकिंग रद्द करू लागले.

मी गाडी चोरली असे मालकांचे म्हणणे आहे. गाडी आवाराबाहेर गेलेलीच नाही. चोर गाडी मालकाच्या नाकासमोर आणून उभी करत नाही. चुकून नेली असे लिहून दिल्यास तक्रार मागे घेऊ व नोकरीही ठेवू, असा त्यांचा निरोप आज आला. घरात पगार माझाच येतो. तरी मी नकार दिला. पंचनाम्यात दोन्ही गाड्यांच्या पायऱ्या जमिनीपासून मोजून लिहाव्यात, अशी माझी मागणी आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मी गाडी "चुकून" आणली असे लिहिले गेले होते. ते मी खोडायला लावले व खोडलेल्या जागी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.